दोन माणसांचा पडदा

आमच्या उल्हासनगरात पत्ता सांगताना आधी आकडा सांगावा लागतो. ‘कॅम्प नंबर तीन’ म्हटलं की परगावच्या माणसाला वाटतं, गृहस्थ फौजेत असावेत. त्याचंही चुकत नाही. दुसऱ्या महायुद्धात इथं लष्करी छावणीच होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली छावणीचं उल्हासनगर झालं. नदीनं नावापुरता उल्हास दिला. बाकीचा ज्याचा त्यानं आणायचा.

आम्ही तो गणपतीतल्या एकांकिकेतून आणायचं ठरवलं. तालीम रात्री साडेनऊनंतर, कारण नायक लोकलमधून उतरल्याशिवाय पहिला प्रवेश सुरू होत नसे. मास्तरची भूमिका कोपऱ्यावरच्या कापड दुकानदाराला दिली. त्यांना सगळे ‘साईं’ म्हणत. साईंची ‘शाळा’ काही केल्या ‘शाला’च राही. पंधरा दिवस आम्ही त्यांना ‘ळ’ शिकवला. त्यांनी आम्हाला सिंधमधल्या ‘भगत’ची गोष्ट सांगितली : रात्रभर गाणं, नाच आणि कथा. भगत कंवररामांचं नाव घेताना त्यांचे हात आपोआप जुळत. म्हणजे रंगभूमी त्यांच्या घरात आधीपासूनच होती. आमच्याकडे फक्त ‘ळ’ जास्त होता.

खरी पंचाईत सासू-सुनेची झाली. या भूमिकांसाठी निवडलेल्या दोघी नळावरच्या भांडणापासून तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. पहिल्या तालमीत त्यांचं भांडण असं रंगलं की दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं संवाद पाठ करायला दोघी एकमेकींच्या घरी बसू लागल्या, डबे इकडून तिकडे जाऊ लागले आणि भांडणातली धार गेली. दिग्दर्शक कळवळून म्हणाला, “ताई, प्रयोग होईपर्यंत तरी जरा वैर सांभाळा!”

नाटकानं नळाला पाणी येत नाही, हे कबूल. पण रांगेतला माणूस दिसू लागतो. बालनाट्यात १९६२ पासून रमलेल्या रत्नाकर मतकरींनी हे फार आधी ओळखलं असावं. ठाण्यात त्यांनी समता विचार प्रसारक संस्थेसोबत ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथं वस्तीतली मुलं स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवतात. एरवी त्यांच्याविषयी दुसरेच बोलत असतात. इथं ती बोलतात आणि दुसरे गप्प बसून ऐकतात. एवढी अदलाबदल तरी दुसरीकडे कुठं होते?

आमच्या प्रयोगाला पडदा नव्हता. मंडळातल्या शिलाई कारागिरानं जीन्सच्या उरलेल्या तुकड्यांचा जोडून दिला. तो इतका जड झाला की दोरीनं हलेना, दांडी वाकली. शेवटी एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं मास्तरच्या वेषातले साईं असा तो हातानं ओढला. नाटक वीस मिनिटं उशिरा सुरू झालं. साईंनी भर रंगमंचावर खणखणीत ‘शाळा’ म्हटलं आणि सासू-सुनेच्या भांडणाआधी त्याच वाक्याला सगळ्यात मोठी टाळी पडली.

पडदा अजून माझ्या माळ्यावर आहे. तुमच्या गल्लीत नाटक बसवणार असाल तर घेऊन जा, भाडं नाही. ओढायला दोन माणसं लागतात, तेवढी मात्र बघा. एकमेकांशी न बोलणारी असली तर उत्तम.