थक्क होण्याचा कर

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आपली मंडळी भरपूर. त्यांच्या घरी पोहे ‘ऑसम’ असतात, पार्किंगला जागा मिळणं ‘अमेझिंग’, आणि लिंबाचं लोणचं ‘माइंड-ब्लोइंग’. आश्चर्य असं सढळ हातानं उधळल्यावर खरंच तोंडात बोट घालायची वेळ आली तर? त्या दिवसासाठी इंग्रजीनं ‘फ्लॅबरगास्टेड’ राखून ठेवलाय. हा पोह्यांना चालत नाही. माणसालाच लागतो, तोही वाचा बसलेल्या. म्हणजे ज्याला लागू पडतो, त्याला उच्चारता येत नाही!

१७७२ च्या ‘ॲन्युअल रजिस्टर’ या ब्रिटिश वार्षिकानं नव्या फॅशनच्या शब्दांची टिंगल करताना हा शब्द ‘बोअर्ड’च्या जोडीला बसवला. २०११ मध्ये ट्रॉयनं ही जोडी जगून दाखवली.

गावच्या वाचनालयाला टाळं लागायची पाळी आली होती. हेच ते वाचनालय, जिथल्या बालविभागाच्या मार्गरिट हार्ट यांनी १९७१ मध्ये नामवंतांना गळ घातली, मुलांसाठी पत्र लिहा. आणि नील आर्मस्ट्राँग, आयझॅक असिमॉव्ह अशा ९७ जणांनी लिहिलंही. एवढी पुण्याई गाठीला, पण वाचनालय चालवायला लागणाऱ्या कराचा विषय निघाला की मतदार बोअर्ड. आधीच्या मतदानात नकारच. शेवटची मागणी होती करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे ७० सेंट.

आणि एके दिवशी फलक उगवले: २ ऑगस्टला वाचनालय बंद करायला मत द्या, ५ ऑगस्टला पुस्तकं जाळायच्या पार्टीला या. गाव फ्लॅबरगास्टेड! पुस्तकं जाळणार? आमची? वाचनालयाचा रस्ता विसरलेलेही खवळले असणार. मागाहून उलगडा झाला की हा लिओ बर्नेट या जाहिरात कंपनीचा बनाव, वाचनालय वाचवण्यासाठीच रचलेला. कर मंजूर झाला. पुस्तक कपाटात कुजलं तर चालतं, काडी लावायची म्हटली की भावना दुखावतात. म्हणजे हिशेब थेट आपल्याकडचाच.

फरक एवढाच, की महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कराची तरतूदच नाही. त्यामुळे मतदाराला नाही म्हणायचेही कष्ट नाहीत. सारी भिस्त सरकारी अनुदानावर. ते एखाद्या वर्षी पूर्ण रकमेनिशी आणि वेळेवर जमा झालं, तर गावोगावचे ग्रंथपाल फ्लॅबरगास्टेड होतील. तिथे मात्र हा शब्द बिनदिक्कत वापरावा.