आधी नंबर बघू

हा माणूस तुम्हाला माहीत आहे. जुन्या घड्याळाला नवा पट्टा लावायला निघालात की तो वाटेत उभा असतो. वाड्याच्या दाराला रंगाचा पहिला हात मारेपर्यंत गप्प बसेल, दुसऱ्याला मात्र मध्ये पडेल. त्याचा अमेरिकन भाऊ पेनसिल्वेनियातल्या गन शोमध्ये भेटतो. फरक एवढाच, की त्याच्यासमोरच्या टेबलावर पिस्तुलं असतात. गळ्यात दोरीला भिंग, खिशात पेनाएवढी बॅटरी, हातात पांढरे सुती मोजे, आणि तोंडात एकच वाक्य: "आधी नंबर बघू."

त्याच्याकडे येतो तो बहुधा घाईतला तरुण. आजोबा वारले, कपाटात लोकरी मोज्यात गुंडाळलेलं पिस्तूल निघालं. नातवाला त्यावर नवी साइट हवी आहे, निकेलचा चकचकीत मुलामा हवा आहे, मुठीला रबर हवं आहे. त्याला फक्त एका चांगल्या कारागिराचा पत्ता विचारायचा असतो. नेमका नको त्या माणसाला विचारतो.

"आधी नंबर बघू."

मॅगझिन निघतं. चेंबर रिकामं असल्याची खात्री होते. मग दुसऱ्यांदा होते, कारण पहिल्या खात्रीवर या गृहस्थाचा विश्वास नसतो. मग भिंग लागतं आणि पुढची चाळीस मिनिटं नातू बाहेर लावलेल्या गाडीची काळजी करत उभा राहतो.

चाळीस मिनिटं कशाला लागतात, हे एकदा समजून घेतलं पाहिजे. पिस्तूल असतं .45 कॅलिबरचं 1911, म्हणजे जॉन ब्राउनिंगने आखलेलं आणि अमेरिकन लष्कराने 29 मार्च 1911 रोजी स्वीकारलेलं. दुसऱ्या महायुद्धात ते एकट्या कोल्टने पुरवणं शक्य नव्हतं, म्हणून सरकारने इतरांनाही कामाला लावलं. टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने जवळजवळ नऊ लाख पिस्तुलं बनवली. आपल्या कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांची बोटं ज्या नावाच्या यंत्रावर झिजली, तेच हे नाव. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने सुमारे 55 हजार बनवली. आणि शिलाई मशीनवाल्या सिंगरने बनवली 500. पाचशे हजार नव्हे, नुसती पाचशे. असा कारखाना पिस्तूल बनवू शकतो का, हे तपासण्यासाठी 1940 साली दिलेली ती शिकाऊ ऑर्डर होती. पिस्तुलं उत्तम झाली. इतकी नेमकी यंत्रं करणाऱ्यांना पिस्तुलात अडकवणं सरकारला परवडेना, म्हणून सिंगरला विमानविरोधी तोफांची नेम साधणारी उपकरणं बनवायला बसवलं. आजच्या मराठी माणसांनी गजबजलेल्या एडिसनपासून गाडीने अर्ध्या तासावर, न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावचं नाव त्या पाचशेंच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, कोरलेलं आहे. नंबर एस 800001 ते एस 800500. त्यातलं चांगल्या अवस्थेतलं एखादं लिलावात निघालं, तर लाख डॉलर सहज ओलांडतं. आणि त्याला निकेलचा मुलामा दिला, तर?

हा विचार मनात आला की आपला गृहस्थ खुर्ची ओढून बसतो.

मग सुरू होतात खुणा. फ्रेमवर तपासनिसाची आद्याक्षरं असतात: एफ.जे.ए. म्हणजे फ्रँक अ‍ॅटवुड, आर.सी.डी. म्हणजे रॉबर्ट डाउनी, जे.के.सी. म्हणजे जॉन क्लेमेंट. या मंडळींचा उल्लेख तो घरातल्या वडीलधाऱ्यांसारखा करतो. मुलामा निळसर काळा की फॉस्फेटचा राखाडी? सिंगरची पिस्तुलं निळी, रेमिंग्टनची राखाडी. त्यातच लष्कराच्या शस्त्रागारांनी दुरुस्तीच्या वेळी एकाची स्लाइड दुसऱ्याच्या फ्रेमवर बिनदिक्कत चढवलेली. त्यांना पिस्तूल चालायला हवं होतं. पुढे भिंगवाले जन्माला येतील याची त्यांना कल्पना नव्हती.

ही खोड पिस्तुलांपुरती राहिली असती तर ठीक होतं. शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र बिघडलं, की हा आधी ते उलटं करतो. हॉटेलात पंख्याकडे बघत जेवतो. शेजारच्या मराठी कुटुंबाने त्याला दिवाळीच्या फराळाला बोलावलं, तेव्हा घरात चर्चा होती ती आजींच्या कंटेनरमधून आलेल्या सिंगर मशीनला विजेची मोटर बसवायची. सिंगर हा शब्द कानावर पडताच तो चकलीसकट टेबलाखाली गेला. नंबराच्या सुरुवातीला वाय अक्षर निघालं. म्हणजे स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा कारखाना, दोन महायुद्धांच्या मधला काळ! टेबलाखालून भाषण सुरू झालं. आजी म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आत गेलाच आहेस तर पायट्याला तेल घाल." मोटर अजून बसलेली नाही.

कायदाही अशा माणसांच्या बाजूने आहे, हे त्यांच्या बायकांचं दुर्दैव. अमेरिकन नियमांनुसार मूळ रूपातली, पन्नास वर्षांहून जुनी बंदूक दुर्मिळ वस्तूंमध्ये गणली जाते आणि ती जमवणाऱ्याला वेगळा परवाना मिळतो. त्यासाठी एक नोंदवही ठेवावी लागते. ही सक्ती नसती, तरी याने वही ठेवलीच असती.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. सिंगर निघण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. पण काही खरंच दुर्मिळ निघालं, तर हा मोठ्याने सांगून टाकतो. शेजारच्या टेबलावरचा व्यापारी डोळे मिचकावून, खोकून, शेवटी पाय दाबून त्याला गप्प करू बघतो. मालकाला किंमत माहीत नसताना ती त्याच्याच कानात ओतायची, यापेक्षा वाईट धंदा नाही. याने असे किती सौदे घालवले ते व्यापाऱ्यांना पाठ आहे. आणि बहुतेक वेळा निघतं ते रेमिंग्टन रँड, तेही जोडाजोडीचं. तेव्हा तो पिस्तूल परत करतो, कारागिराचा पत्ता स्वतः लिहून देतो आणि म्हणतो, "आता काय आहे ते कळलं. आता खुशाल कर."

उलटाही प्रकार घडतो. 1960 च्या दशकात अशी लष्करी पिस्तुलं सरकारी योजनेतून वीस डॉलरांच्या आत मिळत आणि नेमबाज ती बेधडक कापून-घासून घेत. त्यातलं एखादं घेऊन कोणी येतो: याला पुन्हा मूळ रूपात आणायचंय. आपला गृहस्थ खूश व्हायला हवा. तो म्हणतो, "थांबा. हे कापलंय कोणी ते आधी बघू." कारण आर्मंड स्वेन्सनसारख्या कारागिरांनी बदललेली पिस्तुलं आता लोक त्या बदलांसाठीच जमवतात. माणूस हताश होऊन विचारतो, मग तुम्हाला हवंय तरी काय?

अलीकडे शोमध्ये केस पांढरे झालेलेच जास्त दिसतात. तरुण पोरं ग्लॉकच्या नव्या पिस्तुलांच्या टेबलापाशी असतात. त्याच्या मुलांना या छंदात रस नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून मागच्या हिवाळ्यात त्याने प्रत्येक पिस्तुलाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायला घेतली: हे पॉलिश करू नये, याची मूठ बदलू नये, हे अमुक रकमेच्या खाली विकू नये. एकाच रेमिंग्टन रँडच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे: "हे साधं आहे. हवं ते करा." दर शनिवारी रेंजवर तो तेच नेतो.