ऑइल पिणारी फरशी

घरी गाडी उघडून बसणाऱ्या हौशी माणसाला कार्ब्युरेटरपासून क्लचपर्यंत सगळं ठाऊक असतं. पायाखालची फरशी त्याला दिसते ती पहिलं ऑइल सांडल्यावर. मोटारसायकलचं ऑइल बदलायचं म्हणजे लिटरभर काळं ऑइल खाली काढायचं. ते परातीत पडावं अशी योजना असते. पण ड्रेन नटाचा शेवटचा आटा सुटला की धार आडवी येते, नट परातीत बुडतो, नटामागे हात जातो आणि कोपरावरून ओघळलेलं ऑइल जमिनीवर येतं. (परात स्वयंपाकघरातली. तो खटला वेगळा चालतो.)

पुण्याकडच्या जुन्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये शहाबादी असते. हा चुनखडीचा दगड भलता सोशिक, ऑइल मात्र तो अधाशासारखा पितो. डाग पडल्या पडल्या लाकडाचा भुसा पसरून रात्रभर ठेवला आणि सकाळी भांड्यांच्या साबणानं घासला, तर बराच फिका होतो. पण एवढा धीर कोणाला? संडास धुवायचं ॲसिड हाताशी असतं. ते ओतलं की चुनखडी फसफसते, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि डाग निघतोय असं वाटून माणूस खूश होतो. निघत असते ती फरशी. ऑइलावर ॲसिडचा काही परिणाम होत नाही. कोटा त्याच कुळातला, त्यामुळे बॅटरीतलं ॲसिड सांडलं तर त्याचीही हीच गत.

मग मॅटचा शोध सुरू होतो. साधं रबर ऑइलनं फुगतं, नायट्राइल रबर टिकतं. दुकानात ‘नायट्राइल आहे का?’ असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘साहेब, इंपोर्टेड आहे.’ एकमेकांत अडकणाऱ्या पीव्हीसीच्या लाद्या दिसायला झकास, पण सांध्यांतून ऑइल खाली उतरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं.

महाराष्ट्रात याला फुकटातला तोडगा आहे: वाढदिवसाचा उतरवलेला फ्लेक्स. पीव्हीसीचा थर असलेलं कापड, ऑइल आत शिरत नाही, फडकं मारलं की साफ. अडचणी दोन. ऑइल लागलेल्या फ्लेक्सवर रबरी चपलेनं चालणं म्हणजे विम्याचा विषय. आणि फ्लेक्स उलटा अंथरावा हे बरं. सुलटा अंथरला आणि भाऊंच्या कपाळावर गिअर ऑइल ठिबकत असताना नेमका वॉर्डातला कार्यकर्ता वर्गणीला आला, तर खुलासा देता देता पुरेवाट होते.

कायमचं काही करायचं असेल तर मॅट व्हिट्रिफाइड टाइल बरी. ती अर्ध्या टक्क्याच्या वर पाणी शोषत नाही, तेव्हा ऑइलही वरच राहतं. सांध्यांत मात्र इपॉक्सी ग्राउट हवं. साधं सिमेंट शहाबादीची गादी पुढे चालवतं. टाइल फिक्या, एका रंगाची घ्यावी. घरचे म्हणतात, ठिपक्यांची घ्या, मळ दिसत नाही. खरं आहे, पण उडालेली सर्कलिपही दिसत नाही, आणि अर्धा रविवार ओणवं राहून जमीन चाचपण्यात जातो. मिस्त्रीवर लक्षही ठेवावं लागतं. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून टाइल थापली की खाली पोकळी राहते आणि जॅकच्या टोकाखाली नेमकी तिथेच ती तडकते.

व्हिडिओ बघून बिघडलेल्यांना मात्र इपॉक्सीचा आरशासारखा लेपच हवा असतो. त्याचं सोवळं फार. नवं काँक्रीट अठ्ठावीस दिवस मुरलेलं हवं, पृष्ठभाग मशीननं घासलेला हवा, खालून ओल नको. ओल बघायला प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपनं चिकटवून दिवसभर ठेवतात. खाली थेंब जमले तर बेत रद्द. जुलैत कोकणात प्लास्टिक चिकटवायचीही गरज नाही. सगळं जमून लेप बसलाच, तर तो पुरता कडक होईपर्यंत आठवडाभर गाडी आत घ्यायची नाही. ती शेजारच्यांच्या पोर्चमध्ये उभी राहते. तिथे शहाबादी आहे, आणि ड्रेन नटाचा वॉशर बदलायचा राहिलेला असतो.