औषध, तर्री मारके

पुण्यामुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, "तुमच्या नागपुरात नाइटलाइफ वगैरे आहे का?" आहे हो. उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसाचं लाइफच नसतं, मग दुसरं काय असणार? 23 मे 2013 ला या शहरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा दिवसांत भर दुपारी रस्त्यावर दिसणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर कुरिअरवाला. बाकी सगळं शहर खिडक्यांना पडदे लावून कूलरपुढे आडवं झालेलं असतं. साडेसात-आठला अंगणात पाणी शिंपडतात, बायांच्या तोंडावरचे स्कार्फ सुटतात आणि नऊच्या सुमारास नागपूर उजाडतं. रात्री अकराला आजी, आई आणि कडेवरचं बाळ असं तीन पिढ्यांचं शिष्टमंडळ आइस्क्रीम खाताना दिसलं तर दचकू नका. त्यांची ती संध्याकाळ आहे.

अशा या गावात माझी झोप उडाली. रात्री जागणं इथे कोणाला खटकत नाही, त्यामुळे हे घरच्यांच्या लक्षात यायलाच काही महिने गेले. कारण म्हणावं असं काही नव्हतं. मुलगा पुण्यात, मुलगी पुण्यात. नागपूरकरांची मुलं पुण्यात असतात आणि काळजी नागपुरात असते, हे घरोघरचंच. घरात उरलो मी, हे आणि कूलर. तिघांत बोलका म्हणावा असा कूलरच. रात्री दोन वाजता मी छताकडे बघत हिशेब करायची: गॅस बंद केला का, मुलीनं मेसेज बघूनही उत्तर का दिलं नाही, आणि वन्संनी 1998 साली माझ्या साडीबद्दल जे म्हटलं होतं त्याचा नेमका अर्थ काय.

डॉक्टरांनी थायरॉइड बघितलं, बी-ट्वेल्व्ह बघितलं, सगळं ठीक निघालं. ते म्हणाले, "गोळीची घाई नको. चाला. माणसांत मिसळा. मन रमेल असं काहीतरी करा." यातलं 'चाला' ह्यांना ऐकूच आलं नाही. 'माणसांत मिसळा' मात्र त्यांनी लगेच उचललं. "माणसं भेटतात कुठे? ठेल्यावर. डॉक्टरनं सांगितलं म्हणजे ते औषधच झालं," असं म्हणून ते गाडीची किल्ली शोधायला लागले.

मुलीनं पुण्याहून एक ध्यानाचं अ‍ॅप पाठवलं. त्यातली बाई फार हळू आवाजात सांगायची की श्वासाकडे लक्ष द्या, वर्तमान क्षणात राहा, विचार ढगांसारखे येतील आणि जातील. मे महिन्यात, नागपुरात, ढग! मी वाट बघत बसले. विचार आले ते मुक्कामालाच आले.

गुण आला तो शेजारच्या वहिनींमुळे. एका रात्री मी गच्चीवर उभी असलेली बघून त्यांनी खालूनच आवाज दिला, "तुम्हाले झोप नाही येत, मले बी नाही येत. मग दोघी दोन घरात जागून काय करून राह्यलो? चला, सावजीत जाऊ." वरच्या मजल्यावरच्या काकूंनी, वय सत्तरीच्या पुढे, गॅलरीतून विचारलं, "मी येऊ का?" ह्यांची नेमणूक ड्रायव्हर म्हणून झाली.

सावजी म्हणजे मूळचा विणकर कोष्टी समाजाच्या घरातला स्वयंपाक. हातमागांचे दिवस फिरले तशा काही घरांच्या पुढच्या खोल्यांत खानावळी उघडल्या, असं जुने लोक सांगतात. आता गोळीबार चौक, महाल, पाचपावली, जिकडे जाल तिकडे सावजीची पाटी आहे. विधिमंडळाच्या अधिवेशनाला डिसेंबरात आलेले मंत्री-आमदारसुद्धा रात्री तिकडेच सापडतात. इतकी वर्षं नागपुरात काढून मी मात्र कधी आत बसून जेवले नव्हते. ती पुरुषांची जागा, बायकांनी फार तर डबा मागवायचा, अशी आमच्या वेळची रीत. आत शिरलो तर 'फॅमिली रूम' होती. म्हणजे तीच खोली, मधे एक पडदा.

वेटर-भाऊनं एका दमात यादी म्हटली, "मटन, चिकन, खूर, अंडा, पाटोडी." मी म्हटलं, "पाटोडी दे भाऊ. जरा कमी तिखट." त्यानं माझ्याकडे कणवेनं बघितलं. "ताई, कमी तिखट बनत नाही. वरून तर्री नाही टाकत, बस."

"टाक रे," वहिनी म्हणाल्या. "आजारी हाये थे."

स्टीलच्या वाटीत रस्सा आला. वरचा बोटभर थर लालकाळ्या तर्रीचा, त्याच्याखाली बेसनाच्या पाटोड्या कुठेतरी बुडालेल्या, बाजूला कांदा, लिंबू आणि गरम पोळ्या. पहिला घास नीट गेला. सावजीचा पहिला घास नेहमीच नीट जातो. मिरे, खसखस, दगडफूल, मागून जवसाचं तेल, असा सगळा गोतावळा शांतपणे ओळख करून देतो. दुसऱ्या घासाला कानाच्या पाळ्या तापल्या. तिसऱ्याला नाक सुटलं. चौथ्या घासाला माझ्या लक्षात आलं की गॅस, मुलगी, वन्सं, साडी, यातलं काहीही जगात उरलेलं नाही. उरली होती फक्त जीभ, आणि ती संपूर्णपणे वर्तमान क्षणात होती. श्वासाकडे लक्ष द्या म्हणून कोणाला सांगावं लागलं नाही. तो मोठ्यानं ऐकू येत होता.

घरी आल्यावर मी याचं शास्त्र वाचून काढलं, कारण झोप अजून यायची होती. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या नसांवरच्या उष्णता ओळखणाऱ्या एका ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतं आणि मेंदूची समजूत होते की तोंड भाजलं. मग तो वेदनेवर उतारा म्हणून एंडॉर्फिन सोडतो आणि माणसाला बरं वाटतं. हा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं, दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर विभागून. गोळीबार चौकातल्या कढईपुढे उभ्या असलेल्या मावशींना अजून काहीही मिळालेलं नाही. आणखी एक गंमत म्हणजे हा ग्राहक साधारण 43 अंशांच्या पुढे जागा होतो. म्हणजे मे महिन्यात नागपूरकराचा ग्राहक दुपारपासूनच ड्यूटीवर असतो. रात्रीचं सावजी हा त्याचा ओव्हरटाइम.

पाण्यानं तिखट उतरत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. स्निग्ध लागतं, दूध लागतं. हे नागपूरला कोणी शिकवलं नाही, पण भिवापूरची मिरची जिल्ह्यात पिकते म्हटल्यावर उताराही गावातच हवा. 1930 च्या दशकात राणा या पारशी कुटुंबानं इथे दिनशॉज डेअरी काढली, त्यामुळे सावजीनंतर आइस्क्रीम आमच्याकडे चैनीत धरत नाहीत. तो प्रथमोपचार आहे.

त्यानंतर आमचा रात्रीचा क्रमच बसला. खरं सांगायचं तर जेवणापेक्षा जास्त वेळ कुठे जायचं या भांडणात जातो. हे सीताबर्डीचं नाव काढतात, कारण त्यांना बर्डीखेरीज नागपूर माहीतच नाही. वहिनींना आयटी पार्क रोडच्या गाड्या हव्या असतात. तिथे पोरंपोरी मोमो आणि चीजमध्ये बुडालेलं काहीतरी खात असतात, आणि आपण पोह्यावरच्या तर्रीला का जन्मलो असा प्रश्न पडतो. काकूंना गोकुळपेठेत जायचं असतं, का ते त्या सांगत नाहीत. ह्यांना एकदा सदरकडे डॉली चायवाल्याचा चहा प्यायची हुक्की आली. ज्यानं 2024 साली बिल गेट्सना चहा पाजला, त्याच्या हातचा आपण का नाही, असा त्यांचा मुद्दा. काकू म्हणाल्या, "बिल गेट्सला मी करते तसा चहा मिळाला असता तर तो परत गेलाच नसता." या वादात तासभर जातो, आणि त्या तासात मी काळजी करायची विसरलेली असते. डॉक्टरांच्या 'मन रमवा'चा अर्थ बहुधा हाच असावा.

मनाचं दुखणं या गावात सरळ बोलायची सोय नाही, हेही सांगून टाकते. छिंदवाडा रोडवर 1864 पासून मनोरुग्णालय आहे. ते प्रादेशिक मनोरुग्णालय होऊन जमाना झाला, पण चौकाचं नाव ऑटोवाल्याच्या तोंडी अजून 'पागलखाना'च. आमच्या लहानपणी कोणी जरा वेगळं वागलं की "याले चौकात सोडून या" एवढा एकच उपचार होता. त्यामुळे "मला बरं वाटत नाही" म्हटलं की नागपूरकर आधी उन्हाला दोष देतो, मग पित्ताला. ऊन लागलं म्हणण्यात इभ्रत आहे. कैरीचं पन्हं पाठवतात लोक.

फुटाळ्याच्या काठावर मात्र रात्री साडेदहाला, हातात लिंबू-मीठ चोळलेला भुट्टा असला की, माणूस बोलतो. तोंड अर्धं भरलेलं असतं, समोर तलाव असतो, कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. वहिनींनी तिथे पहिल्यांदा सांगितलं की त्यांच्या मुलानं नोकरी सोडलीय आणि घरात आठवडाभर कोणी कोणाशी बोललेलं नाही. काकू बराच वेळ कणसाचे दाणे सोलत होत्या. मग म्हणाल्या, "मी रोज रात्री ह्यांच्या रिकाम्या खुर्चीशी बोलते."

वहिनींनी विचारलं, "उत्तर देतात का काका?"

"छे! जिवंतपणी तरी कुठे देत होते?"

आम्ही इतक्या जोरात हसलो की बाजूच्या बाकावरचं जोडपं उठून गेलं. ड्रायव्हरनं गाडीतून हॉर्न वाजवून काय झालं म्हणून विचारलं. त्याला काही सांगितलं नाही.

तसं बघितलं तर हे शहर आपली दुखणी चारचौघांत बाहेर काढण्यात जुनं मुरलेलं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून मारबतीची मिरवणूक निघते, काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, ज्याचा ज्याचा ताप झाला असेल त्याचा बडग्या म्हणजे पुतळा करायचा, मिरवायचा, यथेच्छ ओरडायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. नंतर घरी येऊन जेवायचं. मानसोपचाराची फी आणि वेटिंग बघता पद्धत वाईट म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी पुण्याहून न येणाऱ्या फोनचा एक बडग्या काढावा असा आमचा बेत आहे.

फेरतपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "झोप?"

"येते. फक्त साडेबाराच्या आधी नाही, कारण त्याआधी आम्ही घरी नसतो."

"जेवण?"

ह्यांनी अभिमानानं यादी सांगितली. डॉक्टरांनी चष्मा काढला, आणि मनासाठी नाही पण पित्तासाठी गोळी लिहून दिली. शिवाय सावजी आठवड्यातून एकदाच, रात्रीचं जेवण नऊच्या आत आणि त्यानंतर पायी फेरी, अशी अटही घातली. 'चाला' हा शब्द यावेळी त्यांनी ह्यांच्याकडे बघून दोनदा उच्चारला. आता आम्ही अंबाझरीला आधी फेरी मारतो आणि मग खातो. क्रम उलटा झाला, पण पथ्य पाळल्याचं समाधान मिळतं.

काकूंच्या धाकट्या बहिणीला मात्र भुट्ट्यानं आणि रश्श्यानं काही फरक पडेना. जेवणच नको, माणूसच नको, असं झालं होतं. तिला आम्ही ठेल्यावर ओढत नेलं नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू आहेत, फरक पडतोय. तुमच्या घरी कोणाचं असं होत असेल तर रश्श्यावर भिस्त ठेवू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येतं.

आणि नुसतीच झोप उडाली असेल, तर नागपूरला या. खानावळीत 'कमी तिखट' मागू नका, मान राहत नाही. येण्याआधी फोन करा, पण मे महिना असेल तर रात्री नऊनंतर. दिवसा आम्ही कोणीच उचलत नाही.