बघ्यांना आवरा

इन्सुलिन घ्यायला मुलीला शाळेच्या स्वच्छतागृहात पाठवणाऱ्या शिक्षकांनी आधी स्वतःचा डबा तिथे उभ्याने खाऊन दाखवावा, मग आपण बोलू. ओली फरशी, न लागणारी कडी, इन्सुलिनचं पेन ठेवायला कोरडी जागा नाही, साबणाचा पत्ता नाही. अशा जागी सातवीतल्या मुलीने पोटाला सुई टोचायची. कारण काय, तर वर्गात सुई काढली की बाकीची मुलं घाबरतात! मुलं घाबरत नाहीत. मुलं टक लावून बघतात, चार प्रश्न विचारतात आणि आठवडाभरात आपापले डबे उघडून बसतात. घाबरतात ती मोठी माणसं, आणि आपली भीती झाकायला मुलांना पुढे करतात.

हे मी ऐकीव लिहीत नाही. माझ्या भाचीला टाईप वन डायबिटीस आहे. स्वच्छतागृहाची सोय तिच्या आधीच्या शाळेची. आताची शाळा बरी म्हणायची, कारण तिथे तिला बाकावर बसून इन्सुलिन घेता येतं. क्रीडादिनाला मी तिच्या शेजारी बसले होते तेव्हा सगळं नीट पाहिलं. डब्याआधी ती हात धुऊन आली. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचलं, तिथे कमी दुखतं म्हणून. रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीला लावला, पाच सेकंदांत आकडा आला. मग डब्याकडे बघून हिशेब. दोन पोळ्या, एका मध्यम पोळीत साधारण पंधरा ग्रॅम कर्बोदकं. भाजी बटाट्याची, म्हणजे आणखी थोडी वाढ. पेनाचं बटण फिरवलं की एकेका युनिटला टक टक आवाज होतो. सुई टोचून बटण दाबलं, आणि काढण्याआधी मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं. दोन-तीन मिनिटांत काम झालं. त्या टक टक आवाजाला मागच्या रांगेतल्या माना वळल्या, तेव्हा कळलं की तिने दप्तर बाकावर आडवं न ठेवता उभं का केलं होतं.

ही मुलगी घरात उघड्यावर, टीव्ही बघत इन्सुलिन घेते. सुईचं तिला काही वाटत नाही. पण गेल्या वर्षी तिने शाळेतलं इन्सुलिन घेणंच सोडून दिलं होतं, घरी कुणाला न सांगता. डबा खायचा, पेन दप्तरातच ठेवायचं. दुपारभर साखर वर, तहान तहान, दर तासाला 'बाई, बाथरूमला जाऊ?', त्यावरून पुन्हा हशा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट आला तेव्हा घरच्यांना पत्ता लागला. डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. या वयाची मुलं असं करतात, हे त्यांना ठाऊक होतं. बघ्यांच्या नजरेपायी मूल औषध टाकतं, एवढं समजलं तरी शाळांना यापुढे 'किरकोळ चिडवाचिडवी' म्हणून हात झटकता येणार नाहीत.

आजाराबद्दल थोडं सांगते, कारण सगळं अज्ञान इथूनच सुरू होतं. टाईप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या संपवते. तो साखर खाल्ल्याने होत नाही. आईने लाड केल्याने होत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. गोळ्यांवर भागत नाही, इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं, रोज आणि जन्मभर. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची अशी सव्वादोन लाखांहून अधिक मुलं-मुली आहेत. तरी प्रत्येक शाळेत अशा मुलाकडे आपण जगातली पहिलीच केस आल्यासारखं बघतो.

बघण्याच्या तऱ्हा तरी किती! 'अरेरे, एवढ्याशा जिवाला!' ही पहिली. दुसरी सल्लागारांची. कारल्याचा रस द्या, जांभळाच्या बियांची पूड द्या, इन्सुलिनची सवय लागते हो. या लोकांना तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे. टाईप वनच्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर ते काही दिवसांत अतिदक्षता विभागात पोचतं, जीवही जाऊ शकतो. तिसरी तऱ्हा वर्गातली: 'शुगर' हे टोपणनाव. चौथी कौतुकाची, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. स्नेहसंमेलनात मुलीला स्टेजवर बोलावून 'आपली शूर विद्यार्थिनी' म्हणून टाळ्या वाजवायच्या. तिला विचारलं होतं का? तिला नाचात यायचं होतं. गणितातल्या मार्कांसाठी टाळ्या हव्या होत्या.

आणि 'तुला चालतं का गं?' हा प्रश्न. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की चॉकलेटचा डबा बाकाबाकावरून फिरतो. तिच्यापाशी आला की थांबतो. अख्खा वर्ग बघतो. बाई लांबून म्हणतात, 'तिला नको देऊ रे, तिला पेन्सिल दे.' इन्सुलिन हिशेबात घेऊन ती चॉकलेट खाऊ शकते, संक्रांतीला तिळगूळ खाऊ शकते, गणपतीत मोदक खाऊ शकते. कधी आणि किती, हे ती, तिचे आईवडील आणि तिचे डॉक्टर बघतील. डबा थांबवू नका, पुढे करा. नको असेल तर ती नको म्हणेल.

२०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. मुलांमध्ये टाईप टू डायबिटीस वाढतोय, म्हणून कुठल्या खाण्यात किती साखर आहे ते भिंतीवर दाखवायचं. बेत चांगला आहे, माझा त्याला पाठिंबा आहे. पण त्या बोर्डासमोरून टाईप वनची मुलगी रोज जाते, आणि तिचे वर्गमित्र आधी बोर्डाकडे आणि मग तिच्याकडे बघतात. बोर्डाचा अर्थ ते सरळ लावतात: हिने फार गोड खाल्लं. तेव्हा बोर्ड लावणाऱ्या प्रत्येक शाळेने त्यावर ठळक अक्षरात एक ओळ वाढवावी: टाईप वन डायबिटीस साखर खाल्ल्याने होत नाही. खडू आहे, फळा आहे, खर्च शून्य.

बघ्यांचा हा जाच मोठ्या, नाव कमावलेल्या माणसांनाही सुटलेला नाही. टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्हला लहानपणापासून टाईप वन आहे. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये त्याला कोर्टवर इन्सुलिन घ्यायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. ते विचित्र दिसतं, असं आपल्याला सांगण्यात आल्याचं त्यानेच पत्रकारांना सांगितलं. बाहेर जाऊन घ्या, आणि तो वेळ स्वच्छतागृहाच्या सुट्टीत धरला जाईल! बोभाटा झाल्यावर परवानगी मिळाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांना सातव्या वर्षापासून टाईप वन आहे. एका रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहात त्या इन्सुलिन घेत होत्या, ते पाहून एक बाई त्यांना अमली पदार्थांच्या आहारी गेलेली म्हणाली. सोटोमायर यांनी तिला तिथेच गाठून सुनावलं, आणि २०१९ मध्ये लहान मुलांसाठी पुस्तक लिहिलं, कुणी वेगळं दिसलं तर तर्क न लढवता सरळ विचारा असं सांगणारं. त्या प्रौढ होत्या, कायदा जाणणाऱ्या होत्या, म्हणून सुनावू शकल्या. बारा वर्षांच्या मुलीने वर्गशिक्षिकेला सुनावावं अशी आपली अपेक्षा आहे का?

माझा मुद्दा एवढाच आहे. वर्गाला समजावण्याचं ओझं मुलावर टाकू नका. ते मोठ्यांचं काम आहे. वर्गशिक्षिकेने वर्षाच्या सुरुवातीला एका तासातली दहा मिनिटं द्यावीत. पण त्याआधी मुलाला विचारावं: किती सांगू? कुणी सांगायचं, मी, आई की तू? आणि त्या वेळी तू वर्गात बसणार की लायब्ररीत? माझ्या भाचीने लायब्ररी निवडली. दुसरं एखादं मूल ग्लुकोमीटर हातात घेऊन स्वतः दाखवेल, मित्रांची साखर तपासायलाही उत्सुक असेल (एकाची सुई दुसऱ्याला मात्र नको, हे तेवढं बजावून ठेवावं). दोन्ही बरोबर. इन्सुलिन बाकावर घ्यायचं की वेगळ्या स्वच्छ खोलीत, हेही मुलानेच ठरवावं, आणि आज एक, उद्या दुसरं ठरवलं तरी कुरकुर नको.

मुलांसाठी एक-दोन गोष्टी, कारण बघे काही लगेच संपणार नाहीत. एक वाक्य पाठ करून ठेवा: 'माझ्या शरीरात इन्सुलिन बनत नाही, म्हणून मी बाहेरून घेते.' बस. त्यापुढचा प्रश्न आला तर उत्तर द्यायची सक्ती नाही. 'आत्ता नाही सांगायचं' हे उद्धटपणाचं नाही. चिडवणाऱ्याचं नाव मोठ्यांना सांगणं म्हणजे चुगली नाही. आणि दोन मैत्रिणी अशा हव्यातच, ज्यांना ग्लुकोजचा पुडा दप्तराच्या कुठल्या कप्प्यात आहे ते माहीत आहे.

तो पुडा लागतो, कारण साखर वाढते तशी घसरतेही. आकडा ७० च्या खाली गेला की हात थरथरतात, घाम फुटतो, भूक खवळते, डोकं चालेनासं होतं. मूल चिडचिडं होतं, उलट बोलतं. शिक्षकांना वाटतं, नाटकं करतोय, लक्ष नाही. आणि मूल, आधीच नजरांना कंटाळलेलं, हात वर करत नाही. बघ्यांपायी सगळ्यात मोठा धोका इथे आहे. अशा वेळी पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून द्यायचं, तिथेच, बाकावरच. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मुलाला एकट्याला जिने चढून ऑफिसात पाठवायचं नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन. प्रत्येक शिक्षकाला, पीटीच्या सरांना आणि बसमधल्या मावशींना हे माहीत हवं.

आता घरच्यांना. 'कुणाला सांगू नका, मुलीची जात आहे, पुढे लग्नाला अडचण येईल.' हे वाक्य मी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये शिकल्या-सवरलेल्या आज्यांच्या तोंडून ऐकलं आहे. या एका वाक्याने मुलगी शिकते की तिच्या शरीरात काहीतरी लाजिरवाणं आहे. मग शाळेतल्या प्रत्येक नजरेत तिला तेच दिसतं. लग्नाची काळजी सातवीत करू नका. सातवीत दुपारच्या इन्सुलिनची काळजी करा.

चौदा नोव्हेंबरला आपल्याकडे बालदिन असतो. त्याच दिवशी जागतिक मधुमेह दिनही असतो, कारण इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १८९१ मध्ये त्या तारखेला झाला. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तो लिओनार्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा, शाळेच्याच वयाचा मुलगा होता. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून घेणं, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. इतिहासाच्या तासाला ही गोष्ट सांगा. कुणा मुलाकडे बोट न दाखवता सांगता येते, आणि वर्गातल्या त्या पेनाकडे मुलं वेगळ्या नजरेने बघू लागतात.

नियमांची बाजूही भक्कम आहे, शिक्षकांनी ती वाचावी एवढंच. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्च २०२३ मध्ये सर्व राज्यांच्या शिक्षण विभागांना लिहिलं आहे: टाईप वनच्या मुलाला वर्गात आणि परीक्षेतही साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या, डॉक्टरांची हरकत नसेल तर खेळू द्या. सीबीएसईने तर २०१७ मध्येच दहावी-बारावीच्या अशा मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, सँडविच आणि पाणी न्यायला परवानगी दिली. अपंगत्व हक्क कायदा, २०१६ च्या यादीत मात्र डायबिटीस नाही. त्यामुळे मुलाची सगळी मदार या पत्रांवर आणि समोरच्या माणसाच्या शहाणपणावर असते.

म्हणून दहावीच्या पालकांना सांगते. बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र बहुतेक वेळा परक्या शाळेत येतं. तिथल्या पर्यवेक्षकांना दंडावरचं साखर मोजणारं सेन्सर माहीत नसतं, कमरेचा इन्सुलिन पंप मोबाइल वाटतो, आणि भर पेपरात त्याचा बीप वाजला तर चाळीस डोकी वर होतात. झडती सगळ्यांसमोर होते, आणि मुलीच्या हातातला वेळ जातो. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आयोगाच्या पत्राची प्रत आणि बरोबर काय काय असेल त्याची यादी आपल्या मुख्याध्यापकांमार्फत डिसेंबरातच पुढे पाठवा. केंद्र कळलं की केंद्र संचालकांना स्वतः जाऊन भेटा, उपकरणं दाखवा, आणि पोच घेतलेली प्रत हॉलतिकिटाला टाचूनच मुलीला पहिल्या पेपरला पाठवा.