पावणेतेरा

बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून, जरा निवांत ठेवून मोजली तर आकडा पावणेतेराच्या आसपास थांबतो. पोहरादेवीच्या यात्रेत ज्या गृहस्थांना सगळे 'पावणेतेरा' म्हणतात, त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. मी ते कधी ऐकलं नाही.

धंदा साधा. रामनवमीला ट्रॅक्टर-टेम्पोंतून तांडेच्या तांडे लोटतात. देवीचं आणि सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन झालं की माणसं बांगड्या-खेळण्यांच्या दुकानांकडे वळतात, आणि अंधार पडला की प्रत्येक दुकानाला उजेड हवा असतो. पावणेतेरा इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या भाड्यानं देतात. खिशाला पेनाऐवजी हायड्रोमीटर, आणि शर्टाला ॲसिडची इतकी भोकं, की नवा शर्टही आठवड्यात अनुभवी दिसू लागतो.

अट एकच. निम्म्याखाली जायचं नाही. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी दीडशे वॅटचा भार कागदोपत्री बारा तास ओढते. हे सहा तासांचंच भाडं घेतात आणि सहा तास भरले की वसुलीला आल्यासारखे हजर होतात. गिऱ्हाईक बाईनं हात पुढे केलेला असतो, बांगडी मनगटावर अडकलेली असते, आणि नेमके तेव्हाच हे चिमटे काढतात. भार चालू असताना आलेला आकडा खोटा, बॅटरीला आधी दम खाऊ द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ दुकान अंधारात. हायड्रोमीटर हाताशी असतो, पण त्याचं मत ते नंतर विचारात घेतात.

"भाऊ, गिऱ्हाईक चाललं ना!"

"गिऱ्हाईक उद्या येते. प्लेट येत नाही."

प्लेटचं त्यांचं दुःख खरं आहे. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं. लगेच चार्जिंगला लावली तर ते मोडतं. तळ गाठेपर्यंत वापरून तशीच कोपऱ्यात टाकली तर त्याचे खडे कडक होतात, आणि मग चार्जर रात्रभर गुरगुरला तरी गेलेली ताकद परत येत नाही. सव्वाबारा म्हणजे साधारण निम्मी. बारावर आली म्हणजे तिचे बाराच वाजले. हे शास्त्र ते शिव्यांसकट सांगतात, आणि शिव्या वगळल्या तर ते फार थोडक्यात आटोपतं. शिवाय आजोबांचा दाखला असतोच. आजोबा लदेणीचे, बैलांच्या पाठीवर गोणी लादून मुलूख हिंडलेले. बैल बसायच्या आत गोणी उतरवायची, बसल्यावर उतरवून काय उपयोग?

त्यांचा खरा वैरी म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रात्रभर भोंगा वाजवणारा तरुण. ती बॅटरी सेल्फ मारण्यापुरती. पातळ प्लेटा, दोन-चार सेकंद दणकून करंट, की काम संपलं. तिला रात्रभर पिळायची नसते. सकाळी दर्शनाला आलेली आठ माणसं ट्रॅक्टर ढकलताना दिसली की पावणेतेरा बाजूला उभे राहून लापशी खातात. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते मला दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडणाऱ्यांच्याही चेहऱ्यावर क्वचितच दिसलं आहे.

यात्रा पांगली की बॅटऱ्या शेडमध्ये जातात, पण सुट्टी त्यांनाही नाही आणि घरच्यांनाही नाही. नुसती ठेवलेली बॅटरीही हळूहळू उतरते, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात जरा जास्तच. म्हणून दर महिन्याला चार्जिंग. पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं, तेही डिस्टिल्डच. विहिरीच्या पाण्यातले क्षार बॅटरीला सोसत नाहीत. घरात व्हॅसलीनची डबी येते ती टर्मिनलांसाठी. बायकोच्या टाचांच्या भेगा दुसऱ्या क्रमांकावर. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, त्यामुळे शेडजवळ बिडी बंद. सख्खे सासरेही बिडी घेऊन भर उन्हात बाभळीखाली.

5 ऑक्टोबर 2024 ला इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. नगाऱ्याच्या घाटाची ती इमारत पाहताना लोकांच्या माना दुखल्या. आमच्या पावणेतेरांनी वर पाहिलंच नाही. दारावरच्या माणसाला त्यांनी एवढंच विचारलं, "बॅटऱ्या कोण्या खोलीत हाय? खिडकी हाय का तिले?"

मुलीच्या लग्नात त्यांनी आंदण म्हणून बॅटरीच दिली. पुसदला सासर. दर रविवारी फोनवर मुलगी आकडा सांगायची, आणि आकडा कायम पावणेतेरा. इतकी चांगली बातमी दर आठवड्याला येत नसते, अशी त्यांना शंका आली आणि एका संध्याकाळी न कळवता ते पुसदला थडकले. लाइट गेलेली, घरात काळोख, दारात मोबाइलची बॅटरी लावून जावई.

"मामा, बरं झालं आले! दोन षटकं रायली, अन् हिनं इन्व्हर्टर बंद केलं. म्हणते, सव्वाबारावर आली."

पावणेतेरांनी चिमटे लावून मोजलं. बरोबर सव्वाबारा. मुलीकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि जावयाला म्हणाले, "शेजाऱ्याच्या घरी पाहा ना मग. त्याच्याकडं उजेड दिसते."

जावई शेजारी गेला. पाठोपाठ हेही गेले, मीटर घेऊन. सामन्याचा निकाल त्या गल्लीला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळला.