मनानं ब्लॅक बेल्ट

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरला छावणी घातली आणि तिचंच पुढे लष्कर हे शहर झालं. त्या छावणीत आपले पूर्वज होते, एवढ्या भांडवलावर हरिशंकरपुरममधले आमचे काका थेट जपानी युद्धकलांपर्यंत पोचले आहेत. पोचले म्हणजे मनानं. याच गावात १९५७ पासून लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था आहे. तिथल्या मैदानाची धूळ काकांच्या चपलेला ठाऊक नाही. "बेटा, हातपाय कोणीही हलवतो," ते म्हणतात, "असली चीज आहे मन!"

हे मन त्यांनी कसं कमावलंय, ते काकूंना विचारावं.

सतराव्या शतकात ताकुआन या झेन भिक्षूनं याग्यू मुनेनोरी या तलवारबाजाला लिहिलं होतं, की मन कुठंच अडकू देऊ नकोस. हजार हातांच्या कान्नोन या बोधिसत्त्वाचं मन एका हातावर थांबलं, तर उरलेले नऊशे नव्व्याण्णव निकामी. काकांनी हे भाजीबाजारात लागू केलं. त्यांचं मन भेंडीवर थांबत नाही, तोंडल्यांवर थांबत नाही, आणि पिशवी रिकामी घरी येते. याला ते 'मुशिन' म्हणतात, निर्विचार अवस्था. काकू वेगळं काहीतरी म्हणतात.

'फुदोशिन' म्हणजे अविचल चित्त. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागते, स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, मोटार बंद करा!" पाणी जिन्यावरून अंगणात उतरतं, तरी काकांचं चित्त हलत नाही. पाय तर नाहीच नाही.

'झानशिन' म्हणजे घाव घातल्यावरही टिकणारी सावधानता. केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, घाव अचूक बसला, पण खेळाडू लगेच आनंदानं नाचला, तर मिळालेला गुणही जाऊ शकतो. काका रॅकेटनं डास मारतात आणि त्याच पवित्र्यात बराच वेळ उभे राहतात. तेवढ्यात दुसरा डास पोटरीचा समाचार घेऊन जातो.

पहिला वार आपण करायचा नाही, ही कराटेगुरू फुनाकोशींची शिकवण. कचोरीवाल्यापुढे खिशात हात घालण्याच्या बाबतीत काकांनी ती आजवर कसोशीनं पाळली आहे.

पण त्यांचं खरं प्रभुत्व 'शोशिन'वर, नवशिक्याच्या कोऱ्या मनावर. कॉलनीतली पोरं वर्गणीला गेली, की दर भाद्रपदात ते तितक्याच निरागसपणे विचारतात, "अच्छा! आपल्याकडे गणपती बसतो?"

जपानी गुरूंच्या लेखी या अवस्था तोच तो वार हजारो वेळा गिरवल्यावर, घाम गाळून, कधीतरी येतात. काकांनी वार वगळले, घाम वगळला आणि अवस्था तेवढ्या ठेवून घेतल्या. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. वर्गणीला जायचंच असेल, तर काकू दार उघडतील अशी वेळ गाठा.